चौथा रद्दा

“पानी बेतानं वता,” बायनाबाई म्हणाली. “चिखल पातळ झाला तर रद्दा खाली बसंल.”

त्यानं घागर सरळ केली आणि पुन्हा चिखलात उतरला. पांढरीची माती, तिच्यात गव्हाचा भुसा. दोघं मिळून ती तुडवत होते. त्याचे पाय घाईघाईनं पडत होते, तिचे एका लयीत. चारठाण्याच्या शिवारात, गावापासून हाकेच्या अंतरावर ही दोन खणांची जागा आखलेली होती. गवंडी नाही, मजूर नाही. माती खणण्यापासून भिंत चढवण्यापर्यंत सगळं घरच्याच हातांनी. भिंतीचे तीन रद्दे, म्हणजे हात-हात उंचीचे तीन थर, उभे राहिले होते. आज चौथा चढायचा होता.

ऊन आत्ताच चटकायला लागलं होतं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं. त्याची बंडी काखेत तटतटली होती. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते, पण कान दोघांचेही वाटेकडंच होते.

परवा रात्री संस्थानाच्या सरहद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जळाला होता. तेव्हापासून पोलिसांचा अमीन घोड्यावर बसून गावोगाव हिंडत होता. ज्या घरचा पुरुष घरी सापडणार नाही ते घर पाडायचं आणि घरच्यांना नेऊन डांबायचं, असा हुकूम होता. आणि नाका जाळणारा कुणी हाती लागलाच, तर त्याला गावाबाहेरच्या झाडाखाली उभा करायचा. पुढचं सांगायला नको.

“आले,” तो पुटपुटला.

“पाय थांबवू नका,” ती म्हणाली.

अमीन घोड्यावर होता, मागं दोन जवान. त्यांच्याबरोबर पोलीस पाटील माणिकराव धापा टाकत चालत आले होते.

“हा कोण?” अमीनानं विचारलं.

माणिकरावांनी भिंतीकडं पाहिलं, मग पागोटं सारखं केलं. “लिंबाजी, सरकार. राणीसावरगावकडचा. औंदाच आलाय गावात. आन ही त्याची बायकू.”

अमीन काही दुधखुळा नव्हता. तो खाली उतरला आणि भिंतीजवळ गेला.

“परसों रात को कहाँ था?”

“हितंच, सरकार. दिवसभर काम केलं आन पडलो.”

“एका दिवसात किती भिंत चढते?”

तो अडखळला. “एकच रद्दा,” बायनाबाई मध्येच म्हणाली. “खालचा आवळल्याबिगर वरचा बसत न्हाई.”

“तुला विचारलं नाही.”

“एकच, सरकार,” तो म्हणाला.

अमीनानं तिन्ही थरांत अंगठा रुतवून पाहिला. तळचा टणक होता, मधला जरा दबला, वरच्यात अंगठा निम्मा गेला. म्हणजे परवाचं काम चुकलं नव्हतं आणि कालचंही नव्हतं. त्यानं रुमालानं अंगठा पुसला.

पण तेवढ्यावर तो हलला नाही. मागच्याच महिन्यात एका गावात एक फरारी इसम परक्या बाईचा नवरा बनून बसलेला त्यानं पकडला होता. नाव विचारल्याबरोबर बाईनं ते खाडकन सांगून टाकलं आणि तिथंच दोघं फसले. लग्नाची बायको नवऱ्याचं नाव असं घेते होय? या मुलखात राहून एवढं त्याला कळलं होतं.

तो बायनाबाईकडं वळला. “तुझ्या मर्दाचं नाव सांग.”

तिनं पदर तोंडावर घेतला. जवान खुसखुसले. अमीन हसला नाही.

“बोल. नाहीतर याला घेऊन जातो.”

तिनं तोंड उघडलं. मग तिला रडू फुटलं आणि ते आवरेचना. तिचे खांदे गदगदत होते. नवऱ्याच्या नावासाठी एवढी रडणारी बाई अमीनानं कधी पाहिली नव्हती. चिखलात उभ्या असलेल्या त्या गड्यानं मान खाली घातली होती. बाई आता काय बोलेल, यावर त्याचा जीव अवलंबून होता.

“घे पोरी,” माणिकराव हळूच म्हणाले. “उखान्यात घे. घ्यावंच लागतंय आता.”

तिनं चिखलाच्याच हातानं डोळे पुसले. आवाज चिरकला, पण शब्द स्पष्ट आले.

“पांढरीची माती तुडवली दोघांनी,
लिंबाजीरावांचं नाव घेते, ऐकावं सगळ्यांनी.”

जवान मोठ्यानं हसले. अमीनाच्याही मिशा हलल्या. “बहोत शर्मिली है,” तो म्हणाला आणि रिकिबीत पाय घातला. घोडा वळला. माणिकराव त्याच्यामागं निघाले. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

वाटेवरची धूळ बाभळींच्या पलीकडं जाईपर्यंत दोघं माती तुडवत राहिले. मग तो चिखलातून बाहेर आला. तिच्यापुढं हात जोडून तो उभा राहिला. बायनाबाई भिंतीला धरून खाली बसली.

“कालचा रद्दा वाट बघत एकटीनंच चढवला. पहाटं तुमी नाक्यावरचं सांगितलं आन लगीच चिखलात उतरलो. इचारायचंच राहिलं,” ती म्हणाली. “आता सांगा, भावजी. माझ्या धन्याला अग्नी तरी भेटला का?”