साहेबांची बाटली

पाड्यावरच्या तीन पोरांना जुलाब लागले, तेव्हा कुठे तालुक्याहून जीप आली. पाणी तपासणारे जतीन साहेब खाली उतरले, पण विहिरीभोवतीचा चिखल बघून जागीच थांबले. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या धाकलीच्या हातात त्यांनी एक रिकामी बाटली दिली. “आजी, तुम्ही रोज पिता ना, ते पाणी यात भरून आणा.”

धाकलीने एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे. विहीर वीस पावलांवर होती, तरी ती परतली तासाभराने, घामाघूम होऊन. मोबाइलमध्ये गुंगलेल्या साहेबांनी बाटलीवर विहिरीचं नाव चिकटवलं आणि जीप गेली.

आठवड्याने विहिरीवर फलक लागला, ‘पाणी पिण्यास योग्य’. पाणी उकळून प्या, असं आशाताईने महिनाभर घसा फोडून सांगितलं होतं. पण सरकारनेच चांगलं म्हटल्यावर त्या पाण्यासाठी लाकडं कोण जाळणार? पाड्याने उकळणं सोडलं.

दिवाळीच्या आत धाकलीची नात गेली. दवाखाना गाठायच्या आधी, वाटेतच.

जीप पुन्हा आली. या वेळी साहेब चिखल तुडवत थेट धाकलीच्या ओट्यापाशी आले. “आजी, खरं सांगा. मागच्या वेळी बाटली याच विहिरीवर भरली होती ना?”

धाकलीला प्रश्नाचंच नवल वाटलं.



“पावन्याला असलां गढूळ पानी कोन देतो, सायब? तुमच्यासाठी डोंगरावरच्या झऱ्यातून आनलां होतां.”