नऊ जिंकले, एक हरले

“बाबा, आज तुम्ही जाऊ नका,” अभिराम म्हणाला. “आज इथेच बसा.”

माधवराव दारात बसून बुटांचे बंद बांधत होते.

दर्पण कॉलनीतल्या त्या घरात असं वाक्य चार वर्षांत कोणी बोललं नव्हतं. भारताच्या बॅडमिंटन संघाचा सामना लागला की माधवरावांनी घराबाहेर पडायचं, हा नियम खुद्द अभिरामने, त्यांच्या मुलाने केला होता. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि घरी एक वही ठेवतो. वहीबद्दल विद्यार्थ्यांना त्याने कधी सांगितलेलं नाही. बाबा टीव्हीसमोर असताना भारतीय संघ तेरा सामने खेळला आणि अकरा हरला. बाबा बाहेर जायला लागल्यापासून दहा खेळला, नऊ जिंकला. एवढा चोख पुरावा हाती आल्यावर शिकलेल्या माणसाने तरी काय करावं?

जो एक सामना हरले, त्या दिवशी माधवरावांना ताप होता. मागच्या खोलीत गोळी घेऊन ते झोपले होते. टीव्हीचा आवाजही तिथे पोचत नव्हता. “घरात होते ना, बस,” असं म्हणून अभिरामने तो पराभवही त्यांच्याच नावावर लिहिला.

‘पनौती’, म्हणजे अपशकुनी, हा शब्द घरात स्वतःबद्दल पहिल्यांदा ऐकला तेव्हा माधवराव दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेला माणूस. नात यशश्रीच्या हातात पहिली रॅकेट त्यांनीच दिली होती. पुढे मात्र त्यांनी ते मनाला लावून घेणं सोडलं. सामन्याच्या दिवशी त्यांच्या पत्नी शरयूताई सामानाची यादी द्यायच्या, ते इंदरगंजच्या बाजारात जायचे आणि सामना संपल्यावर अर्ध्या तासात परत यायचे. येताना घसा तेवढा बसलेला असायचा. चौकातली धूळ, दुसरं काय. शरयूताई हळद घालून दूध द्यायच्या आणि स्कोअर सांगायच्या. ते शांतपणे ऐकून घ्यायचे.

आजची गोष्ट वेगळी होती. अंतिम सामना होता, समोर जपान, आणि दुसरी एकेरी यशश्री खेळणार होती. भारताकडून पहिल्यांदाच.

“तुमची ती वही ठेवा बाजूला,” यशश्रीची आई सीमंतिनी नवऱ्याला म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुम्ही शिकवलं तिला. तुम्ही नाही बघणार तर कोण बघणार?”

“आणि ती हरली तर?” माधवरावांनी विचारलं.

अभिरामने वहीकडे बघितलं. त्याला बाबा हवे होते आणि विजयही हवा होता. दोन्हीची सांगड त्याच्या वहीत कुठेच बसत नव्हती.

“हारली तर हारली,” तो म्हणाला. “अब क्या.” आवाजात काही जोर नव्हता.

“नको रे. पोरीचा पहिला सामना आहे. मी आपला जाऊन येतो.”

शरयूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात आपल्या माणसाचं मन एवढं मोठं आहे हे आपल्याला कळलंच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिशवी आणि चकल्यांचा डबा पुढे केला. वाटेत तोंडात टाकायला म्हणून ते दर वेळी हा डबा मागून नेत, आणि तो रिकामाच परत येई. एवढ्या चकल्या एकट्याने कशा संपतात, हे शरयूताईंनी कधी विचारलं नव्हतं.

“यादीत आज काहीच लिहिलं नाही मी,” त्या म्हणाल्या. “देवळात जाऊन शांत बसा.”

“बघतो,” माधवराव म्हणाले.

ई-रिक्षातून ते इंदरगंजला उतरले. देऊळ मागे टाकलं, किराण्याचं दुकान मागे टाकलं आणि कान्होजींच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढले.

वर दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही लावून ठेवला होता. समोर सात जण बसले होते. मुरारला राहणाऱ्या सुधाताईंना सुनेने दळण घेऊन पाठवलं होतं. मल्हाररावांना मुलाने केस कापून यायला धाडलं होतं, डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नसतानाही. कान्होजींना तर सामन्याच्या दिवशी स्वतःच्या घरात चहासुद्धा मिळत नसे. सातही जण आपापल्या घरातून देशाच्या भल्यासाठी बाहेर काढलेले. मधली खुर्ची तेवढी रिकामी होती.

पडद्यावर भारताचा संघ रांगेत उभा होता. डावीकडून तिसरी यशश्री.

सुधाताईंनी मधल्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि चकल्यांच्या डब्यासाठी हात पुढे केला.

“या, बसा लवकर,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ताप आला होता, तेव्हा एकदाच हारलो आपण.”