वर्षातून एकदाच लागणारा कॅमेरा

टोपीवाला माणूस अजून बसथांब्यावरच होता. सकाळपासून तीन बस येऊन गेल्या, पण तो एकीतही चढला नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानातली काउंटरवरची बाई काचेतून त्याच्याकडे बघत होती, तेवढ्यात दार ढकलून एक आजी आत आल्या.

"कॅमेरा हवाय गं. छोटा, स्वस्तातला. मला काही रोज फोटो काढायचे नाहीत. वर्षातून एकदा, नातीच्या वाढदिवसाला."

"फोनवर नाही काढत, आजी?"

"फोन माझं ऐकत नाही आणि मी फोनचं."

बाईला हसू आलं. अशी गिऱ्हाइकं तिला आवडत. हौशी तरुण येतात, तासभर तिचं डोकं खातात आणि 'विचार करून येतो' म्हणून जे जातात ते जातातच. आजींना निदान काय हवंय ते ठाऊक होतं. तिनं कपाटातून तीन कॅमेरे काढून पुढ्यात ठेवले.

"हा सगळ्यात स्वस्त, पण घरातल्या उजेडात फोटो मळकट येतो. हा पाण्यात बुडवला तरी चालतो, पण तुम्ही कशाला बुडवताय? मधला घ्या. हात हलला तरी सांभाळून घेतो. आणि कार्ड घालायला विसरलात तरी अडत नाही, ह्याच्या पोटात आठ-दहा फोटो मावतात."

आजींनी मधला उचलला. हात खरंच थरथरत होता. बाईनं तो सहज मनगटाशी धरला.

"सकाळची गोळी चुकली का?"

"तुला बरं कळतं."

"पूर्वी दवाखान्यात होते," ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. इतकंसुद्धा ती कुणाला सांगत नसे.

विषय बदलायला तिनं लाकडी बदक पुढे सरकवलं. "ह्याचा काढून बघा."

हे बदक तिनंच आणलं होतं. नवा कॅमेरा हातात आला की माणूस पहिल्यांदा समोरच्याच माणसावर रोखतो. असं कुणी रोखलं की ती बदक पुढे करायची आणि बाजूला सरायची. मालकाला त्यात गंमत वाटे. बाईला वाटत नसे. सहा वर्षांत तिनं स्वतःचा एकही फोटो निघू दिला नव्हता, मुलीचाही नाही. शाळेनं ओळखपत्रासाठी तीनदा फोटो मागितला आणि तीनदा ती 'विसरले' म्हणाली.

मालकानं मनाशी ताडलं होतं, नवऱ्याचा त्रास असणार. तान्ही मुलगी आणि दोन पिशव्या घेऊन एक बाई परक्या गावात येते, केस कापून टाकते, माहेरचं नाव काढत नाही. दुसरं काय असणार? त्यानं कधी विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही. तिला भीती एकच होती. कुणीतरी एक दिवस येईल आणि मुलीला घेऊन जाईल. ह्या भीतीनंच ती रोज उठायची.

बाहेर टोपीवाल्यानं घड्याळ बघितलं आणि दुकानाकडे तोंड केलं. तिनं नजर काढून घेतली आणि बदक सरळ करताना तिचा हात आजींच्या हाताला लागला.

"कोण गं तो?" आजींनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग हात का गार पडलेत तुझे?"

आजींची नजर काउंटरमागे चिकटवलेल्या चित्राकडे गेली. रंगीत खडूंनी काढलेलं घर, दारात एक मोठी बाई आणि एक छोटी.

"मुलीनं काढलंय?"

"हो. पहिलीत आहे."

"लेकरानं आईजवळच असावं बघ," आजी हळूच म्हणाल्या. "मधे कुणी येऊ नये."

बाईचे डोळे भरून आले. सहा वर्षांत इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं. डोळे पुसताना ती नकळत बदकामागे, कॅमेऱ्यासमोर सरकली, आणि तेवढ्यात खटका वाजला.

"अगंबाई, दाबलं गेलं वाटतं."

"बघू द्या."

तिनं कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. चोरीला जातात म्हणून कपाटातल्या कॅमेऱ्यांत कार्ड ठेवत नसत. दाखवायचं कार्ड तिच्या ड्रॉवरमध्ये असे. तिनं सवयीनं ते काढलं, खाचेत सरकवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'एकही फोटो नाही'.

तिचा जीव भांड्यात पडला. "निघालाच नाही, आजी."

"राहू दे गं. मला हाच दे."

कार्ड काढून तिनं ड्रॉवरमध्ये टाकलं. पावती केली. "कार्ड देऊ नवं?"

"नको, नंतर बघू."

"नात लांब असते का?"

"होती," पिशवी उचलत आजी म्हणाल्या. "तिचा एकसुद्धा फोटो नाही माझ्याकडे."

दार लागलं. बाई उरलेले दोन कॅमेरे आवरायला लागली. त्यांच्या कार्डाच्या खाचा रिकाम्या होत्या. एकीवर बोट गेलं आणि ते तिथंच थांबलं.

खटका वाजला तेव्हा त्या कॅमेऱ्यातही कार्ड नव्हतं. फोटो पोटात गेला होता. कार्ड घातलं की पोटातले फोटो दिसत नाहीत, काढलं की दिसतात. गिऱ्हाइकांना हे ती दिवसातून दहादा समजावून सांगायची.

तिनं मान वर केली. रस्त्यापलीकडे आजी टोपीवाल्यापाशी पोचल्या होत्या. तो अदबीनं बाजूला झाला आणि त्यानं थांब्यामागे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. आजींनी कॅमेरा आत दिला.

आत बसलेल्या तरुण बाईनं पडदा बघितला. बराच वेळ बघितला. मग होकारार्थी मान हलवली आणि दुकानाच्या काचेकडे तोंड फिरवलं.

काउंटरवरच्या बाईनं तिला लगेच ओळखलं. बाळंतिणींचा वॉर्ड, खाट नंबर नऊ. सहा वर्षांपूर्वी नर्सच्या पांढऱ्या कपड्यात तिनं त्या खाटेशेजारचा पाळणा रिकामा केला, तेव्हा हीच बाई बाळाच्या अंगावर हात ठेवून गाढ झोपली होती.