हजार फुटांच्या आत

“पास्टर, खरं सांगा. रविवारी तुमच्या चर्चमध्ये बाकं जास्त असतात की माणसं?”

कंपनीच्या वकिलाच्या या प्रश्नावर नगरसभेच्या दालनात हशा पिकला. पास्टर ॲन्सेल थॉर्सबी तेवढे हसले नाहीत.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत गांजा विकायला कायद्याने मुभा आहे, पण त्या गावाचा नियम साधा होता. चालत्या चर्चपासून हजार फुटांच्या आत गांजाच्या नव्या दुकानाला परवाना नाही. कंपनीला अशाच दुकानासाठी नेमकी चर्चसमोरची, बंद पडलेल्या बँकेची इमारत हवी होती. म्हणून तिचं म्हणणं असं की हे चर्च चालतं नाहीच. ते कधीच मेलंय, पुरायचं तेवढं राहिलंय.

वर्षापूर्वी हे कुणी नाकारलं नसतं. तेव्हा रविवारी चार म्हाताऱ्या यायच्या, त्यातल्या दोघी झोपायच्या. मग मॅक्सीन डुब्रो आली. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, नुकतीच गावात राहायला आलेली. पहिल्या रविवारी एकटी आली, पुढच्या रविवारी चांगली मोटारभर माणसं घेऊन. बाकं भरत गेली. पास्टर रोज तिचं नाव घेऊन देवाचे आभार मानत आणि अशी बाई आणखी एक मिळाली तर बघ, असंही हळूच सुचवत.

“त्याच रस्त्यावर गांजाचं एक दुकान आहेच की,” वकील म्हणाला. “तेही हजार फुटांच्या आत. ते बरं चालतं?”

“त्याचा परवाना नियमाच्या आधीचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “त्याला हात लावता येत नाही. नवीन मात्र नाही म्हणजे नाही. चर्च चालतं असेल तर.”

जुन्या दुकानाचा विषय निघताच पास्टरनी मान फिरवली. ती सवयच होती. त्यापुढून जायची वेळ आली की ते रस्ता ओलांडत आणि तोंड पलीकडे करत. आजवर त्या दाराकडे आपण एकदाही पाहिलं नाही, याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

“या चर्चला नेमाने जाणाऱ्यांनी उभं राहावं,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मॅक्सीन उठली. तिच्यामागे दोन रांगा उठल्या. म्हाताऱ्याही उठल्या, झोपणाऱ्या दोघींसकट.

वकिलाने मानेपर्यंत गोंदलेला एक धिप्पाड गडी हेरला. “काय हो, गेल्या रविवारी प्रवचन कशावर होतं?”

“उधळ्या पोरावर. तो घरी परतला म्हणून बापानं वासरू कापलं. आमचा बाप असता तर वासरू सोडून मला कापलं असतं.”

पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला तो पास्टरच्या बाजूचा होता. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर पास्टरनी मॅक्सीनचे दोन्ही हात धरले.

“मॅक्सीनबाई, मी कुलूप लावायच्या बेतात होतो हो. देवानंच धाडलं तुम्हाला.”

“उलट उपकार तुमचे आहेत, पास्टर. किती, याची तुम्हाला कल्पना नाही.” तिचेही डोळे भरले होते. “आणि तुमच्या त्या पियानोचं काहीतरी करू या. वाजला की म्हशीला दुखतंय असं वाटतं.”

पास्टर डोळे पुसत हसले. मग गंभीर झाले.

“आता एकच मागणं उरलं. या रविवारी आपण सगळे गुडघे टेकून प्रार्थना करू, की देवा, ते जुनं दुकानही बंद पडू दे.”

पायऱ्या उतरणारी माणसं जागीच थबकली. गोंदलेल्या गड्याने मॅक्सीनकडे पाहिलं.

“तसली प्रार्थना नको हो, पास्टर,” ती हळूच म्हणाली. “मग या सगळ्यांचा पगार मी कुठून देऊ?”