काटा लालवर

"काटा आजही लालवर गेला, वहिनी," टेम्पोतून खाली उतरत दादाजी म्हणाले.

इंदूबाई ओट्यावर उभ्या होत्या. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची बोली सकाळीच लागते. उशिरा पोचलेला माल पडत्या भावानं जातो, आणि आजचा माल तसाच गेला असणार हे त्यांना टेम्पो परत यायच्या आधीच कळलं होतं.

हुडकेश्वरच्या पुढे त्यांची बाग होती. नवरा गेल्यावर बाग त्यांनी सांभाळली आणि डिझेलचा टेम्पो दादाजींनी. दादाजी नवऱ्याचे जुने मित्र. जबलपूर, रायपूरपर्यंत ट्रक नेलेला माणूस. इंदूबाईंची मुलगी शामला रोज टेम्पोबरोबर जायची. अडत्याशी बोलणं तिच्याकडे होतं.

"इंजिन तापलं का हळू आणा लागते," दादाजी म्हणाले. "मधात थांबा लागते. गाडी जाळून टाकू काय?"

"जाळू नका. पण वखतावर तर न्या."

शामला मागून रिकामी खोकी उतरवत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. इंदूबाई शेजारच्या नानाजींना टेम्पो चालवायला सांगून स्वतःच गॅरेजवर गेल्या. उमरेड रोडवरचे मेकॅनिक मधुकरराव त्यांना पाहूनच वैतागले. रेडिएटर धुऊन झाला होता. पंख्याचा पट्टा नवा होता. इंजिनाची गरमी मोजणारा सेन्सर त्यांनी दोनदा बदलला होता.

"अजून काय बदलू, बाई? इंजिन?"

"काटा लालवर जाते म्हणते दादाजी."

मधुकररावांनी सेन्सर खोलला आणि चहाच्या स्टोव्हवर उकळत ठेवलेल्या पाण्यात बुडवला. मीटरचा काटा सरसर चढला. गार पाण्यात घातला, तसा खाली आला. मग त्यांनी सेन्सर परत बसवला, टेम्पोत रेतीची पोती टाकली आणि भर उन्हात स्वतः लांब चक्कर मारून आले. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

"मीटर बरोबर आहे. सेन्सर बरोबर आहे. क्लच प्लेट मात्र खलास झाली. एवढा पुराना ड्रायव्हर असून कशी झाली, देव जाणे."

"मंग काटा लालवर काहून जाते?"

"जात नसंल," मधुकरराव म्हणाले.

नानाजी तिथंच बाकावर बसले होते. त्यांनी घसा खाकरला. नाल्याच्या वळणावर, बाभळीखाली, त्यांनी टेम्पो उभा पाहिला होता. एकदा नव्हे, बरेचदा.

"बॉनेट उघडलं होतं काय?" मधुकररावांनी विचारलं.

"नाही गा. बॉनेट तर बंद होतं."

इंदूबाई मनात हिशेब जुळवू लागल्या. तापलेल्या गाडीचं बॉनेट कोणी बंद ठेवत नाही. दादाजी पीत असतील का? पण त्यांच्या तोंडाला कधी वास आला नव्हता. माल विकत असतील? खोकी तर बरोबर पोचत होती. आणि शामला सोबत असताना?

मधुकररावांनी मीटरमागे हात घातला आणि एक तार ओढून काढली.

"आता इंजिनाला आग लागली तरी काटा हालणार नाही. उद्या दादाजी काय म्हणते ते पाहा."

दुसऱ्या दिवशी टेम्पो नेहमीपेक्षाही उशिरा आला. इंदूबाई फाटकातच थांबल्या होत्या.

"काटा?"

"लालवर," दादाजी म्हणाले. "आज तर निघाल्या निघाल्याच गेला."

इंदूबाईंना वाटलं होतं, आपण ओरडू. पण आवाज निघाला तो थकलेला.

"दादाजी, मीटरची तार मीच काढाले लावली. काटा सकाळपासून तळाले पडला आहे. जा, पाहून या."

दादाजी जागेवरून हलले नाहीत.

"हे गेले तवा तुमीच म्हणाले, 'वहिनी, गाडीची फिकर करू नका.' अन् आता मलेच बनवून राहिले? काहून थांबता नाल्यापाशी?"

"चुकलं माहं," दादाजी म्हणाले. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाहा."

इतक्या चटकन मान्य केल्यामुळे त्या जास्तच चिडल्या. दादाजींनी भांडावं, काही तरी कारण सांगावं, असं त्यांना वाटत होतं. दादाजी खांद्यावरच्या दुपट्ट्याशी चाळा करत उभे होते.

"आई, थांब जरा," शामला म्हणाली.

"तू बोलू नको वं. रोज बाजूले बसून सारं पाहत होती, अन् मले एका शब्दानं नाही सांगितलं."

"काकाले काटा दिसतच नाही, आई."

"शामला, राहू दे," दादाजी म्हणाले.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. संक्रांतीपासून त्यायले समोरची बैलगाडीपण दिसत नाही. गावातला रस्ता पायाखालचा आहे, म्हणून तेवढा जमते. तू काढून टाकशील म्हणून बोलले नाही."

इंदूबाईंनी फाटकाचा खांब धरला. नाल्यावरचा अरुंद पूल, रेल्वेचं फाटक, समोरून येणारे ट्रक, कळमन्याच्या दारातली बैलगाड्यांची गर्दी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि या टेम्पोत रोज बसलेली त्यांची एकुलती एक पोरगी.

"मंग एवढे दिवस," त्या कशाबशा म्हणाल्या, "ही गाडी कळमन्याले नेली कोणं?"

शामलानं तळहात ओढणीला पुसले.

"मी," ती म्हणाली. "नाल्यापाशी जागा बदलतो, अन् मले क्लच अजून नीट जमत नाही म्हणून उशीर होते."