साहेबांसाठी चुना

साठ साली झरीच्या जंगलातली चितळं जंगलाला लागून शेत असलेल्या देवसिंगची ज्वारी फस्त करत, म्हणून वनखात्यानं त्यांच्यासाठी जंगलातच गवत पेरायचं ठरवलं. जमीन आंबट निघाली, म्हणून ती सुधारायला चुन्याची पोती आली. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. जंगल राखणाऱ्या नाकेदारानं सगळा चुना जंगलातून देवसिंगच्या बांधापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला, दोन्ही कडांनी रेघा मारण्यात संपवला.

"अन् गवताले काय टाकता?" देवसिंगनं विचारलं.

"साहेब जीपमधून उतरत नाही."

पावसाळ्यात जंगलातलं गवत पिवळं पडलं. रस्त्याच्या कडेला मात्र, चुना पडला होता तिथं, गुडघाभर हिरवंगार आलं.

"चुना चांगला होता, नाकेदारसाहेब," देवसिंग म्हणाला. "साहेबासाठी आखलेल्या रस्त्यानं चितळं आली. चरत चरत, पायी, थेट माह्या ज्वारीत."