वकिलातीची पाटी

"जरा ते टोक धरता का?" शिडीवरून राजदूत म्हणाले, आणि नाझिरानं सवयीनं वकिलातीच्या पितळी पाटीला हात लावला.

तिच्या देशाला जगातल्या मोजक्याच देशांनी मान्यता दिली होती. त्यांतल्या या बेटानं ती गेल्या आठवड्यात काढून घेतली. नाझिराचा पासपोर्ट बाद झाला, आणि आज सकाळी रुग्णालयानं तिला नर्सच्या नोकरीवरून कमी केलं.

"इथलं नागरिकत्व मला चालून आलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, आपणच आपला पासपोर्ट टाकला तर देश उरेल कुठे?"

"योग्यच केलंत तुम्ही. देश हे विसरणार नाही."

"आता मी जाऊ कुठे? तुम्ही तरी कुठे जाणार?"

राजदूत स्क्रू फिरवत राहिले. "मी इथंच आहे. बायको इथली, त्यामुळे मागल्या वर्षी मला नागरिकत्व मिळालं. मुलांच्या शाळेसाठी घ्यावं लागलं हो."

शेवटचा स्क्रू निघाला. पाटीचा सगळा भार हातांवर आला तेव्हा नाझिराला वाटलं, द्यावी सोडून. पण पाटीवर तिच्या लिपीत तिच्या देशाचं नाव होतं. ती पाटी उराशी धरून ती फाटकाकडे चालू लागली.

"अहो, ती आपल्या सरकारची मालमत्ता आहे."

"म्हणूनच नेतेय," ती वळून म्हणाली. "परक्या देशाच्या माणसाकडे कशी ठेवू?"

रस्त्यावर आल्यावर मात्र कुठल्या बाजूला वळावं, ते तिला कळेना.